वाचन आकलन कसे शिकवावे: शिक्षक आणि पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतील शिक्षकांसाठी वाचनाच्या कार्यशाळा घेताना जे प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत आणि एका ठिकाणी सांगितलेले दुसरीकडे पुन्हा न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणे मुख्यतः तिसरी ते आठवीच्या वर्गांतील आहेत.

१. माझी मुलगी धडा घडाघडा वाचते, पण काय वाचले ते विचारले तर गप्प बसते. असे का होते?

अक्षरे ओळखून शब्द उच्चारणे आणि त्या शब्दांतून अर्थ उभा करणे ही दोन वेगळी कामे आहेत. फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये हा संबंध गुणाकाराच्या रूपात मांडला: वाचन आकलन म्हणजे लिपीवाचन गुणिले भाषेची समज. गुणाकारात एक संख्या शून्य असेल तर उत्तर शून्यच येते, आणि दुसरी कितीही मोठी असली तरी ती पहिलीची उणीव भरून काढू शकत नाही.

मराठीत हा प्रश्न अधिक लपून राहतो, कारण देवनागरीत लिहिलेले आणि उच्चारलेले यांचे नाते बरेच सरळ आहे. जोडाक्षरे आणि रफार एकदा पक्के झाले, की मूल कधीही न ऐकलेला शब्दही बिनचूक वाचून दाखवते आणि ऐकणाऱ्याला वाटते की त्याला तो समजला. घरच्या घरी करता येण्याजोगी एक पडताळणी अशी, की तोच उतारा तुम्ही मोठ्याने वाचून दाखवावा आणि मुलीने तो फक्त ऐकावा. ऐकून समजला पण स्वतः वाचून समजला नाही, तर तिची सगळी शक्ती अजून अक्षरे लावण्यात खर्च होते आहे. ऐकूनही समजला नाही, तर अडचण शब्दसंपत्तीत, वाक्यरचनेत किंवा विषयाच्या माहितीत आहे. त्यासाठी प्रश्न ६, ७ आणि ९ पाहावेत.

२. वाचन किती वेगाने होऊ लागले, की आकलनाकडे वळावे?

थांबू नये. केंद्र सरकारच्या निपुण भारत या पायाभूत साक्षरतेच्या अभियानात दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या शेवटी किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत, असे लक्ष्य ठेवले आहे. मुलाची गाडी कुठे अडली आहे हे ओळखायला हे आकडे उपयोगी पडतात, पण ती आकलनाच्या दाराशी उभी केलेली चौकी नव्हे. बालवाडीतल्या मुलाला गोष्ट वाचून दाखवताना “आता काय होईल?” किंवा “तो का रुसला असेल?” असे विचारणे हेही आकलनाचेच शिक्षण आहे आणि त्यासाठी मुलाला एकही अक्षर येण्याची गरज नसते.

३. आम्ही प्रत्येक उताऱ्याखाली प्रश्न देतो आणि मुलांकडून सोडवून घेतो. मग आकलन “शिकवायचे” म्हणजे आणखी काय करायचे?

या पानावरील सर्व प्रश्नांत मला हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उताऱ्याखालचे प्रश्न मुलाला समजले की नाही हे तपासतात. कसे समजून घ्यायचे हे ते दाखवत नाहीत. अमेरिकेतील डोलोरेस डर्किन यांनी १९७० च्या दशकात चौथीच्या वर्गांत बसून वाचनाच्या तासांची नोंद घेतली, तेव्हा ४,४६९ मिनिटांपैकी जेमतेम २० मिनिटे आकलन शिकवण्यात गेल्याचे त्यांना आढळले. उरलेला बराचसा वेळ प्रश्न विचारण्यात आणि स्वाध्याय सोडवून घेण्यात गेला होता. आपल्याकडच्या तासाचे चित्र यापेक्षा फार निराळे आहे, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

शिकवणे म्हणजे शिक्षकाने स्वतः वाचताना मनात जे चालते, ते मुलांसमोर मोठ्याने बोलून दाखवणे. समजा फळ्यावर हा मजकूर आहे: “१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी निघाली. साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी १४ डबे ओढले. गाडीत सुमारे ४०० निमंत्रित होते.” शिक्षकाने पहिले वाक्य वाचून थांबावे आणि म्हणावे, “बोरीबंदर हे नाव आजच्या स्थानकांच्या यादीत नाही. पण आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस त्याच जागी आहे हे मला ठाऊक आहे, म्हणजे मी रोजच्याच मार्गाबद्दल वाचतो आहे.” दुसऱ्या वाक्यानंतर, “साहिब, सिंध, सुलतान ही मला आधी माणसांची नावे वाटली. ‘इंजिनांनी’ हा शब्द आल्यावर मी माझी समजूत बदलली.” तिसऱ्यानंतर, “निमंत्रित म्हणजे बोलावलेले. तेव्हा त्या दिवशी कोणीही तिकीट काढून गाडीत बसले, असे दिसत नाही. मजकुरात हे लिहिलेले नाही, पण त्या एका शब्दावरून मला ते कळले.”

यातले मधले वाक्य मला फार मोलाचे वाटते. आपले शिक्षकही वाचताना चुकतात, मागे जातात आणि समजूत दुरुस्त करतात, हे अनेक मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा कळते. त्यानंतरचा क्रम डेव्हिड पिअर्सन आणि मार्गरेट गॅलाघर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या, जबाबदारी हळूहळू मुलांकडे सोपवण्याच्या कल्पनेला धरून ठेवावा: आधी शिक्षक करून दाखवतात, मग शिक्षक आणि मुले मिळून करतात, मग मुले आपापल्या गटात करतात आणि शेवटी प्रत्येक जण एकट्याने करतो. पहिल्या पायरीवरून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारली, की “मी शिकवले, पण त्यांना आले नाही” ही तक्रार सुरू होते.

४. नेमकी किती तंत्रे शिकवावीत? यादी फार मोठी दिसते.

चार पुरेशी आहेत. ॲनमरी पॅलिंक्सार आणि ॲन ब्राऊन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अक्षरवाचन ठीक पण आकलन कच्चे असलेल्या सातवीच्या मुलांना अंदाज बांधणे, प्रश्न तयार करणे, अडलेल्या जागेचा खुलासा करणे आणि सारांश सांगणे एवढेच शिकवले होते. मुले आळीपाळीने शिक्षकाची भूमिका घेत आणि मजकुराविषयी एकमेकांशी बोलत. त्यांच्या आकलनात स्पष्ट सुधारणा झाली.

या चारांत खुलासा हे तंत्र आपल्या वर्गांत सर्वांत दुर्लक्षित राहते. “मला इथे समजले नाही” असे म्हणणे मुलांना कमीपणाचे वाटते, म्हणून ती पुढे वाचत राहतात. मी शिक्षकांना सुचवते, की “सगळ्यांना समजले का?” हा प्रश्न महिनाभर बंद ठेवावा आणि त्याऐवजी “कोणत्या ओळीवर अडलात?” असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला वर्ग एका सुरात “हो” म्हणतो. दुसऱ्या प्रश्नाला प्रत्येकाला बोट ठेवून दाखवावे लागते.

५. माझ्या वर्गात ५० मुले आहेत आणि तास ३५ मिनिटांचा आहे. हे सगळे कसे बसवू?

चार-चार मुलांचे गट करावेत आणि प्रत्येकाला वरच्या चारांपैकी एक काम द्यावे. मजकूर सात-आठ ओळींचाच घ्यावा आणि परिच्छेद बदलला की कामे फिरवावीत. सुरुवातीचे दोन-तीन तास गोंगाटात जातील, हे गृहीत धरावे. पहिल्याच दिवशी गट करू नयेत. आधी आठवडाभर संपूर्ण वर्गाबरोबर एकेक तंत्र प्रश्न ३ मध्ये सांगितलेल्या रीतीने करून दाखवावे, कारण ज्या मुलाने चांगला सारांश कधी ऐकलेला नाही, ते सारांश म्हणून पहिली दोन वाक्येच वाचून दाखवते. गटांत फिरताना शिक्षकाने उत्तरे सांगू नयेत, “हे तुला कुठे सापडले?” एवढेच विचारावे.

६. मराठी वाक्यरचनेमुळे मुले कुठे अडतात? इंग्रजीतील तंत्रे मराठीला जशीच्या तशी लागू पडतात का?

तंत्रे लागू पडतात, पण अडण्याच्या जागा मराठीच्या स्वतःच्या आहेत आणि त्या शिक्षकाला माहीत असायला हव्यात.

पहिली जागा क्रियापदाची. ते बहुधा शेवटी येते, त्यामुळे लांब वाक्यात मुलाला सगळे तपशील शेवटपर्यंत मनात धरून ठेवावे लागतात. हे वाक्य पाहा: “पाऊस थांबल्यावर वाळत घातलेली जाळी गोळा करून घरी निघालेल्या काकांना वाटेत भेटलेल्या मास्तरांनी शाळेच्या दुरुस्तीसाठी बोलावले.” जाळी कोणी गोळा केली, असे विचारल्यावर अनेक मुले “मास्तरांनी” असे उत्तर देतात, कारण “मास्तरांनी” हा शब्द क्रियापदाच्या अधिक जवळ आहे. अशा वाक्यासाठी उपाय एकच: आधी शेवटचे क्रियापद शोधावे, त्याला कोणी, कोणाला आणि कशासाठी असे विचारावे आणि मग “थांबल्यावर”, “करून”, “निघालेल्या”, “भेटलेल्या” या प्रत्येक रूपाचे एक छोटे वाक्य करावे. पाऊस थांबला. काकांनी जाळी गोळा केली. काका घरी निघाले. वाटेत त्यांना मास्तर भेटले. मास्तरांनी काकांना बोलावले. आठवड्याला अशी दोन वाक्ये सोडवली, तरी दोन-तीन महिन्यांत फरक दिसतो.

दुसरी जागा सर्वनामांची. “ते” हा एकच शब्द आदरार्थी एका माणसासाठी, अनेक पुरुषांसाठी आणि नपुंसकलिंगी एका वस्तूसाठीही येतो. “सुमनने आईला सांगितले, की ती उद्या येणार नाही” यातली “ती” कोण, हे संदर्भाशिवाय ठरतच नाही. मजकुरातल्या प्रत्येक सर्वनामापासून त्याच्या नामापर्यंत पेन्सिलीने बाण काढायला लावणे हा मला आजवर सापडलेला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी सराव आहे. शिवाय मराठीत कर्ता अनेकदा गाळला जातो आणि क्रियापदाच्या रूपावरून तो ओळखावा लागतो. तिथे बाण क्रियापदापासून काढावा.

तिसरी जागा छोट्या शब्दांची: मात्र, तरीही, अन्यथा, असे असूनही, एवढेच नव्हे तर. मुले हे शब्द वाचतात पण त्यांच्यावर थांबत नाहीत, आणि वाक्याची दिशा तर तिथेच बदलते. “परवानगी घेतल्याशिवाय आत जाऊ नये” यासारखे दुहेरी नकारही याच गटातले आहेत. अशा वेळी “मग आत केव्हा जाता येईल?” असे विचारून पाहावे.

७. कठीण शब्दांचे अर्थ धडा सुरू करण्याआधी फळ्यावर लिहून द्यावेत का?

सगळे देऊ नयेत. ज्याच्यावाचून मजकूर उघडतच नाही आणि संदर्भावरून ज्याचा अंदाज येणार नाही, असे तीन-चार शब्दच आधी सांगावेत, तेही अर्थ लिहून नव्हे तर वापरून. उरलेल्या शब्दांसाठी मुलांना शब्द फोडायला शिकवावे: “अनावश्यक” मध्ये “आवश्यक” दिसतो का, “जलवाहिनी” मध्ये “जल” दिसते का? शब्दार्थांची यादी पाठ करून घेण्याचा तोटा असा, की मुलाला अर्थ येतो पण तो वाक्यात बसवता येत नाही.

८. ज्या प्रश्नाचे उत्तर उताऱ्यात थेट नसते, तिथे मुले “उत्तर दिलेले नाही” असे लिहितात. काय करावे?

मुलांना प्रश्नांचे प्रकार ओळखायला शिकवावे. टॅफी राफेल यांनी १९८० च्या दशकात यासाठी केलेली चार प्रकारांची विभागणी मी मराठीत अशी सांगते: एका ओळीत सापडणारे उत्तर, दोन-तीन ओळी जोडून मिळणारे उत्तर, लेखकाचे म्हणणे आणि आपली माहिती एकत्र करून मिळणारे उत्तर, आणि केवळ आपल्या अनुभवातून द्यायचे उत्तर. मुले पहिल्या प्रकाराला सरावलेली असतात. “बाबांनी दाराशी छत्री झटकली” असे वाचल्यावर बाहेर पाऊस आहे हे सगळ्यांना कळते. ते कुठे लिहिले आहे असे विचारले, की वर्ग क्षणभर शांत होतो. त्या शांततेतच अनुमान म्हणजे काय ते समजावून द्यावे.

याच्या उलट चूकही होते. काही मुले मजकूर सोडून मनानेच उत्तर देतात. त्यांच्याकडून प्रत्येक अनुमानासाठी मजकुरातला एक शब्द आधार म्हणून मागून घ्यावा. प्रश्न ३ मधील “निमंत्रित” हा तसा शब्द आहे.

९. तोच मुलगा एका उताऱ्यात हुशार दिसतो आणि दुसऱ्यात कच्चा. हे कसे?

कारण आकलन हे सगळीकडे सारखेच लागू पडणारे एकच कौशल्य नाही. विषयाची माहिती त्यात फार मोठे काम करते. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना बेसबॉलच्या खेळाचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात चांगली पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली.

हे आपल्या परिसरात रोज दिसते. ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांवरचा उतारा घेतला, तर दिवाळे किंवा ऐरोलीच्या कोळीवाड्यातील मुलांना भरती-ओहोटी, चिखल आणि तिवरे समजावून सांगावी लागत नाहीत. उंच इमारतीत वाढलेल्या, अन्यथा पटापट वाचणाऱ्या मुलाला मात्र पक्षी ओहोटीच्या वेळीच का चरतात हे कळत नाही. म्हणून एका आठवड्यात पाच विषयांवरचे पाच उतारे देण्यापेक्षा एकाच विषयावरचे चार-पाच मजकूर द्यावेत, असे माझे ठाम मत आहे. ठाण्याची तळी, खाडी, पहिली रेल्वे, येऊरचे जंगल असे विषय हाताशी आहेत. तिसऱ्या मजकुरापर्यंत कच्चे मूलही वर्गात काही सांगू लागते.

१०. वर्गात आगरी बोलणारी, हिंदी बोलणारी आणि गुजराती घरांतील मुले आहेत. सारांश प्रमाण मराठीतच सांगायला लावावा का?

सुरुवातीला नको. मजकूर समजला का, हे तपासायचे असेल, तर ज्या भाषेत मूल मोकळेपणी बोलते त्या भाषेत त्याला सांगू द्यावे. आकलन आणि प्रमाण मराठीतील अभिव्यक्ती या दोन परीक्षा एकाच वेळी घेतल्या, तर मूल कशात अडले ते शिक्षकाला कळत नाही. अर्थ पक्का झाल्यावर तेच म्हणणे वर्गाने मिळून पुस्तकी मराठीत मांडावे. मुलाची बोली वर्गात हसण्याचा विषय होऊ न देणे ही शिक्षकाची जबाबदारी आहे, कारण एकदा हसू झालेले मूल पुन्हा सारांश सांगायला उभे राहत नाही.

११. मुले सगळा परिच्छेदच अधोरेखित करतात.

एका परिच्छेदात फक्त पाच शब्दांखाली रेघ मारण्याची मुभा द्यावी आणि रेघ दुसऱ्या वाचनाच्या वेळीच मारावी. पहिल्या वाचनात महत्त्वाचे काय हे कोणालाच ठाऊक नसते.

१२. विज्ञान आणि गणितातही हे शिकवायचे, की ते भाषेच्या शिक्षकाचे काम आहे?

तिथे तर अधिकच शिकवायला हवे. गोष्टीत पात्र, प्रसंग, अडचण आणि शेवट असा सांगाडा मुलांना लहानपणापासून परिचित असतो. माहितीपर मजकुरात कारण आणि परिणाम, तुलना किंवा टप्पे असे निराळे सांगाडे असतात आणि ते दाखवून द्यावे लागतात. ओघतक्ता किंवा दोन रकान्यांची तुलना मुलांनी स्वतः आखली तर उपयोग होतो. छापील चौकटी भरल्याने तेवढा होत नाही.

गणिताचे एक उदाहरण पुरे आहे. “रमेशकडे मीनापेक्षा ५ गोट्या जास्त आहेत. रमेशकडे १२ गोट्या आहेत. तर मीनाकडे किती?” या उदाहरणात “जास्त” शब्द दिसताच कितीतरी मुले बेरीज करून १७ लिहितात. त्यांना वजाबाकी येत नाही असा निष्कर्ष काढून आणखी वजाबाक्या दिल्या जातात, पण चूक वाचनात झालेली असते. आकडे झाकून “जास्त कोणाकडे आहेत?” एवढेच आधी विचारावे.

१३. कवितेला ही तंत्रे लागू पडतात का?

अर्धवटच. अंदाज आणि सारांश कवितेत फारसे कामाचे नाहीत. कवितेचा सारांश काढला की कविताच हातची जाते. त्याऐवजी आपल्याकडची अन्वय लावण्याची जुनी पद्धत वापरावी, म्हणजे ओळीतील शब्द गद्याच्या क्रमाने मांडून वाक्य पूर्ण करावे. अभंग आणि ओव्यांत तर तिच्यावाचून चालत नाही. अन्वय लागल्यावर मूळ ओळ पुन्हा मोठ्याने म्हणावी आणि कवीने शब्दांची जागा का बदलली, यावर बोलावे.

१४. परीक्षेत अपठित गद्याचे प्रश्न आधी वाचावेत, की उतारा आधी वाचावा?

कृतिपत्रिकेत किंवा शिष्यवृत्ती परीक्षेत वेळ मोजका असतो, त्यामुळे तिथे प्रश्नांवरून एकदा नजर फिरवून मग उतारा संपूर्ण वाचण्यास हरकत नाही. वर्गात शिकताना मात्र ही सवय लावू नये. प्रश्न आधी वाचणारे मूल प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधते आणि त्या भोवतालचे वाक्य उतरवून काढते; स्वमताचा प्रश्न आला की ते अडते, कारण उतारा त्याने वाचलेलाच नसतो.

१५. सर्व उपाय करूनही मूल अक्षरांतच अडकते. तंत्रे आणखी वाढवावीत का?

नाही. चौथी-पाचवीतील मूल नियमित सरावानंतरही साधे शब्द अडखळत वाचत असेल, अक्षरांची अदलाबदल करत असेल, पण ऐकलेले मात्र त्याला उत्तम समजत असेल (प्रश्न १ मधील पडताळणी पाहा), तर आकलनाच्या तंत्रांनी त्याचा प्रश्न सुटणार नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत आणि त्यानंतर अध्ययन अक्षमतेची तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. मुंबईत सायन येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात ती होते. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये आहे. तपासणी चालू असतानाच्या काळात त्या मुलाला धडे वाचून दाखवावेत, म्हणजे वर्गातील चर्चेतून ते बाहेर पडणार नाही. पालकांनी हे पुढे ढकलू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मी पाहिलेल्या अशा बहुतेक मुलांना तोपर्यंत “आळशी” हे विशेषण चिकटलेले होते.

१६. मूल इंग्रजी माध्यमात आहे. इंग्रजीत समजते, मराठीत नाही. मराठीसाठी सगळे पहिल्यापासून करावे का?

तंत्रे पहिल्यापासून शिकवावी लागत नाहीत. इंग्रजीत अनुमान काढता येणाऱ्या मुलाला अनुमान म्हणजे काय हे ठाऊकच असते. त्याला कमी पडतात ते मराठी शब्द, जोडाक्षरांचा सराव आणि प्रश्न ६ मधील वाक्यरचना. त्याला त्याच्या वयाच्या विषयाचा पण सोप्या मराठीतला मजकूर द्यावा. सहावीतल्या मुलाच्या हाती चिऊ-काऊची गोष्ट दिली, तर त्याला अपमान वाटतो आणि तो रास्तही आहे. ठाणे पश्चिमेत राहणाऱ्यांना १८९३ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय जवळ आहे. मुलाला तिथे नेऊन पुस्तक त्यालाच निवडू द्यावे.

१७. ही तंत्रे वर्षभर रोज घ्यावीत का?

असा उत्साह मी अनेक शाळांत पाहिला आहे आणि त्याला आवर घालावा लागतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल विलिंगहॅम यांनी उपलब्ध अभ्यास तपासून दाखवले आहे, की तंत्रांचा फायदा थोड्या शिकवणीतही मिळतो आणि ती लांबवल्याने तो त्या प्रमाणात वाढत नाही. सहा ते आठ आठवडे नेटाने शिकवावे, त्यानंतर मजकूर अवघड असेल तेव्हाच आठवण द्यावी आणि मोकळा झालेला वेळ प्रत्यक्ष वाचनाला आणि प्रश्न ९ मध्ये सांगितलेल्या विषयमालांना द्यावा. एखादे मूल मजकुरात रमून वाचत असेल, तर त्याला मध्येच थांबवून अंदाज विचारू नये.